फिरताना अवश्य बोलावे. आडनाव मात्र विचारू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी तक्रार केली होती की, सकाळी टेकडीवर शांतपणे फिरावे म्हटले तर ओळख ना पाळख अशी माणसे येऊन बोलू लागतात आणि फिरण्याचे निम्मे सुख तिथेच संपते. कानांत इयरफोन असला तरी काही जण खांद्याला हात लावून थांबवतात, असेही त्यांनी लिहिले होते. ते पत्र वाचून मी थोडी ओशाळले. खांद्याला हात लावण्यापर्यंत माझी मजल कधी गेलेली नाही; पण अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणाऱ्यांपैकी मी आहे, हे कबूल केले पाहिजे. बँकेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षे झाली आणि तेव्हापासून धो धो पावसाचे दिवस सोडले तर मी रोज सकाळी पर्वती चढते. या नऊ वर्षांत किती अनोळखी माणसांशी बोलणे झाले याची मोजदाद नाही. त्यांतल्या एका बोलण्याची मात्र मला अजून चुटपुट लागून राहिली आहे, आणि त्या एकामुळेच पत्रलेखकांची तक्रार मला निम्मी मान्य आहे. उरलेल्या निम्मीबद्दल हे पत्र लिहीत आहे.

पर्वती न चढलेला पुणेकर विरळाच; पण रोज चढणाऱ्यांची पर्वती वेगळी असते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेल्या देवदेवेश्वराच्या देवळाकडे नेणाऱ्या या १०३ पायऱ्या दगडी आणि चांगल्या ऐसपैस आहेत. चार-पाच माणसे एका ओळीत सहज चढू शकतात. भल्या सकाळी देवदर्शनाला आलेले कमी आणि फेऱ्या मोजणारे अधिक, त्यामुळे "आज कितवी?" हा प्रश्न तिथे नमस्काराच्या जागी चालतो. तरुण मुले पाठीवर वजन बांधून लागोपाठ फेऱ्या मारतात. आमच्यासारख्यांची एकच फेरी, तीही मध्ये दोनदा टेकून, आणि माझा अनुभव असा की या टेकण्यातच बहुतेक बोलणी सुरू होतात. दम लागलेल्या माणसापाशी ताठा उरत नाही. शेजारी दुसरा कोणी कमरेवर हात ठेवून धापा टाकत असतो, दोघांची अवस्था दोघांना दिसत असते, आणि "रात्रीतून पायऱ्या वाढवल्या वाटतं" एवढे एक वाक्य पुरते. श्वास अपुरा असल्यामुळे वाक्येही आखूड राहतात, हा आणखी एक लाभ. पर्वतीच्या चढावर कोणालाही भाषण ठोकता येत नाही. शिवाय चढणाऱ्या दोघांची नजर समोरच्या पायरीवर असते. समोरासमोर बसून एकमेकांकडे पाहत बोलण्यात जे अवघडलेपण येते, ते इथे येत नाही, आणि नकोसे झाले तर एक पायरी पुढे किंवा मागे होण्याची सोय दोघांनाही असते.

आता पत्रलेखकांना वाटेल की, हे सारे ठीक आहे, पण बोलायचेच कशाला? त्याचे उत्तर दोन प्रसंगांनी देते.

दिवाळीनंतरचे दिवस होते. पर्वतीच्या मागच्या अंगाला, तळजईकडे जाणाऱ्या वनक्षेत्रात पावसाळ्यात गुडघाभर वाढलेले कुसळी गवत या दिवसांत वाळून पिवळे पडते, आणि त्या वाटेने गेलेल्या प्रत्येकाच्या मोज्यांत, सलवारीत, लेंग्याच्या घडीत त्याची कुसळे घुसून बसतात. हे कुसळ मोठे चिवट असते. त्याच्या टोकाशी मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढे सरकते पण मागे येत नाही. आणि त्याची लांब शेपटी दवाने ओली झाली की तिचा पीळ उलगडताना ती गरगर फिरते व टोक आणखी आत रुतवते. एका सकाळी मी वाटेकडेच्या दगडावर बसून मोज्यांतली कुसळे काढत होते आणि समोरच्या दगडावर विशी-बाविशीचा एक मुलगा तेच करत होता. तो कुसळ शेपटीला धरून ओढत होता, त्यामुळे शेपटी तेवढी हातात येत होती आणि टोक मोज्यातच मोडून राहत होते. न राहवून मी म्हटले, "मोजा उलटा कर आणि आतून टोकाला धरून ओढ." त्याने कानातला इयरफोन काढला, मला पुन्हा सांगायला लावले, मोजा उलटा केला, आणि पहिले अख्खे कुसळ निघाले तेव्हा ते चिमटीत धरून मला दाखवले. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहू नये असे आपल्याला शिकवतात. मोज्यातले पाहायला हरकत नसावी.

त्यानंतर आम्ही पंधरा-वीस मिनिटे बोललो असू. तो परभणीकडचा होता, सदाशिव पेठेत चौघांत मिळून एक खोली घेऊन राहत होता, दिवस अभ्यासिकेत जात होता आणि स्पर्धा परीक्षेचा हा त्याचा तिसरा प्रयत्न होता. त्यांच्याकडे हे गवत कुसळ धरण्याआधीच कापतात, नाही तर गुरांच्या तोंडाला जखमा होतात, ही माहिती त्याने मला दिली. शहरात जन्म गेल्यामुळे मला ती ठाऊक नव्हती. "मग परीक्षा कधी?" हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता, तो मी गिळला, कारण घरची माणसे फोनवर त्याला रोज तोच प्रश्न विचारत असणार. उठताना तो म्हणाला की, मेसच्या मावशी सोडल्या तर त्या आठवड्यात तो कोणाशी असे बोललाच नव्हता. खोलीत चौघे असताना असे कसे, हे मला कळले नाही. पण चौघांच्या पुस्तकांत डोकी असतील तर तसेही होत असेल. गाव, नाव, आडनाव यांतले मी काहीही विचारले नव्हते. परभणी त्याने आपण होऊन सांगितली.

दुसरा प्रसंग वरच्या तटाशी घडला. तिथून खाली सारं शहर पसरलेले दिसते, पण त्या दिवशी धुके होते आणि नदीचा माग लागत नव्हता. शेजारी काठी घेऊन उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांना मी विचारले की, लकडी पूल नेमका कोणत्या बाजूला यावा. त्यांनी काठीने दिशा दाखवली आणि मग, मी काही विचारायच्या आत, १२ जुलै १९६१ ची सकाळ सांगायला सुरुवात केली. पानशेतचे धरण फुटल्याची हाकाटी झाली तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि नारायण पेठेत राहत होते. आईने धाकट्या बहिणीला कडेवर घेतले, त्यांचे मनगट धरले आणि तिघे लोकांच्या लोंढ्याबरोबर पर्वतीकडे चालत सुटले. घरातून निघताना हाताला लागला तो पितळेचा डबा आईने काखेत मारला होता. वर आल्यावर उघडून पाहिला तेव्हा त्यात भाजणीचे पीठ निघाले. ते कोरडे पीठ त्यांनी दुपारी चिमटी चिमटीने खाल्ले आणि आजूबाजूच्या मुलांनाही वाटले. पानशेतच्या पुराबद्दल मी पुष्कळ वाचले होते, आमच्या बँकेच्या एका शाखेच्या भिंतीवर पाणी कुठवर चढले होते त्याची खूणही पाहिली होती. पण भाजणीचा तो डबा मला केवळ लकडी पुलाची चौकशी केल्यामुळे मिळाला. ते गृहस्थ पुन्हा भेटले नाहीत. त्यांचे नाव मला माहीत नाही.

या दोन्ही वेळी बोलणे त्या माणसाविषयी सुरू झाले नव्हते, हे मला महत्त्वाचे वाटते. दोघांच्या मध्ये एखादी तिसरी गोष्ट होती, ती दोघांनाही दिसत होती, आणि तिच्याविषयी बोलण्यात कोणालाही आपले काही उघड करावे लागत नव्हते. मग ते कुसळ असो, पूल असो, बहाव्याला या वर्षी लवकर आलेली फुले असोत, की वाटेतून नुकतीच सरपटत गेलेली धामण असो. कुत्रे बरोबर घेऊन फिरणाऱ्यांना हे सर्वांत सोपे जाते. आमच्या तळजईच्या वाटेवर कित्येक माणसे एकमेकांना "ब्रूनोचे बाबा" आणि "राणीची आई" म्हणूनच वर्षानुवर्षे ओळखतात. कुत्र्याचे वय, जात, खाणे, औषध या सगळ्याची बारकाईने विचारपूस होते आणि मालकाचे नाव विचारायचे कोणाच्या लक्षातही येत नाही. जात विचारली जाते ती फक्त कुत्र्याची, आणि ती सांगताना सगळेच खूश असतात.

आपल्याकडे अडचण आहे ती पहिल्या शब्दाची. अनोळखी माणसाला रस्त्यात उद्देशून म्हणावा असा साधा, बिनधोक शब्द शहरी मराठीत मला तरी सापडलेला नाही. खेड्यात "राम राम" म्हटले की काम होते, कोल्हापूरकडे "पाव्हणं" आणि नागपूरकडे "भाऊ" म्हटले की परका माणूस निम्मा आपला होतो. पुण्यात "नमस्कार" म्हटले तर समोरचा मनुष्य, आता हे वर्गणीचे पुस्तक काढणार, अशा नजरेने पाहतो. "गुड मॉर्निंग" म्हणणारे पुष्कळ आहेत, पण त्याला उत्तर म्हणून "गुड मॉर्निंग"च येते आणि गाडी तिथेच थांबते. काका, मावशी, आजी या हाका आपुलकीच्या आहेत हे मान्य. तरीही मला "आजी" म्हणणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांशी मी बोलते ते केवळ संस्कारांमुळे. या सगळ्यातून सुटलेला एकच शब्द मला माहीत आहे, तो वारीतला. आळंदी-देहूच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा भवानी पेठेत, नाना पेठेत जाऊन उभे राहावे. वाट हवी, पाणी हवे, पाय चुकून पायावर पडला, चप्पल हरवली, या सगळ्याला एकच हाक असते: "माउली." लहान-मोठा, बाई-पुरुष, गाव-शहर यांतले काहीही त्या हाकेत विचारलेले नसते. पालख्या दिवेघाट आणि लोणी काळभोरच्या वाटेला लागल्या की तो शब्द शहरातून नाहीसा होतो, याची मला दर आषाढात चुटपुट लागते.

आता चौकशीकडे वळते. पत्रलेखकांना ज्याचा त्रास झाला ते बोलणे बहुधा या जातीचे असावे. "रोज येता वाटतं? कुठं राहता? स्वतःचं आहे की भाड्याचं? मुलं काय करतात? अमेरिकेत का? बरं, आडनाव काय म्हणालात?" वास्तविक आपण काहीच म्हटलेले नसते. या प्रश्नमालिकेत शेवटचा प्रश्न हाच खरा असतो आणि आधीचे सगळे त्याच्या वाटेवरचे थांबे असतात, हे महाराष्ट्रात वाढलेल्या प्रत्येकाला कळते. उत्तर एका शब्दात उलगडले तर विचारणाऱ्याचा चेहरा सैल होतो किंवा आखडतो. उलगडले नाही तर पंचाईत होते, कारण पाटील, देशमुख, जाधव, पवार, गायकवाड ही आडनावे एकाहून अधिक समाजांत आहेत. मग "पाटील म्हणजे कुठले पाटील?" असा पुढचा प्रश्न येतो. त्याला गावाचे नाव हे उत्तर चालत नाही, असा माझा अनुभव आहे, गाव सांगितले तर "हो, पण म्हणजे..." असे म्हणून प्रश्न पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहतो. हे प्रश्न विचारणारी माणसे वाईट असतात असे मी म्हणणार नाही. पुष्कळांच्या तोंडी तो निव्वळ सवयीने येतो. सवयीचे म्हणाल तर माझ्याइतका दाखला कोणी देऊ शकणार नाही, आणि पत्राच्या सुरुवातीला ज्या चुटपुटीचा उल्लेख केला ती हीच.

चौतिसाव्या-पस्तिसाव्या पायरीशी मी पहिल्यांदा टेकते. चार वर्षांपूर्वी तिथे साठीच्या आसपासचे एक गृहस्थ रोज भेटत. त्यांना पक्ष्यांचे आवाज विलक्षण ओळखू येत. टकाचोर एकच असूनही तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढतो, तर कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करतो, हे त्यांनी मला कानाने शिकवले. नुसते सांगितले नाही, रोज एक आवाज झाला की माझ्याकडे बघून भुवया उंचावत आणि मी ओळखेपर्यंत थांबत. जवळजवळ वर्षभर आमचे असे चालले होते. त्यांच्या पत्नीचे गुडघे दुखतात, त्यांना पोहे आवडत नाहीत, उन्हाळ्यात ते गच्चीवर पक्ष्यांसाठी मातीच्या तीन थाळ्यांत पाणी ठेवतात, हे सगळे मला माहीत होते. नाव माहीत नव्हते आणि कधी अडलेही नव्हते.

एका सकाळी वरच्या वडावर तांबट बोलत होता. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा त्याचा टुक-टुक आवाज असतो, म्हणून त्याचे नाव तांबट, असे ते म्हणाले. मी हसून म्हटले, "म्हणजे पक्ष्यालाही धंद्यावरून आडनाव! माणसांतही तांबट असतात की. तुमचं आडनाव काय हो?" वाक्य सुटले आणि मला काही वेगळे घडले आहे असे वाटलेही नाही. त्यांनी आडनाव सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. वर दिलेल्या आडनावांसारखेच तेही अनेक समाजांत आढळते, एवढे सांगणे पुरे. मग ते क्षणभर थांबले आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "आता कुठले, तेही सांगू का?"

"छे हो, मी सहज विचारलं," असे मी घाईघाईने म्हणाले. ते खोटे नव्हते. पस्तीस वर्षे खिडकीआड बसून "पूर्ण नाव?" असे विचारण्यात गेली; नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव असे तिन्ही रकाने भरल्याशिवाय आमचे काम पुढे सरकत नसे. जिभेला लागलेले वळण निवृत्तीने जात नाही. तरीही "सहज" हा शब्द मी पुढे कित्येक दिवस उलटासुलटा करून पाहिला, आणि मला हे लिहिणे भाग आहे की, त्यांनी आडनाव उच्चारल्यावर एका क्षणासाठी माझ्या मनात तोच प्रश्न उभा राहिला होता, जो त्यांनी माझ्याआधी बोलून दाखवला. तो त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा. आयुष्यात त्यांनी असे चेहरे किती पाहिले असतील कोण जाणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखे हसून मान हलवली आणि न थांबता वर गेले. महिन्याभरात त्यांनी आपली वेळ बदलली. तांबट अजून बोलतो. मी वर बघते आणि पुढे जाते.

हे कुठे घडले याचाही मला विसर पडत नाही. याच पर्वतीवर, देवळात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून १३ ऑक्टोबर १९२९ रोजी सत्याग्रह सुरू झाला होता. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे नेते त्यात होते, एस. एम. जोशींसारखे तरुण कार्यकर्ते होते, आणि सत्याग्रहींना शिव्याशाप, दगडफेक आणि मार सोसावा लागला. ज्या हाकेचे मी वर कौतुक केले त्या "माउली"ची वाट जिथे संपते, त्या पंढरपूरच्या देवळाचे दार सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले होते. पायऱ्या तेव्हाही एवढ्याच रुंद होत्या. आज त्यांवरून कोणीही चढतो, कोणी अडवत नाही. फक्त पस्तिसाव्या पायरीवर माझ्यासारखी एखादी बाई हसतमुखाने आडनाव विचारते. पर्वतीच्या पायथ्याशी या सत्याग्रहाची माहिती देणारा ठळक फलक सकाळच्या फेरीत सहज वाचता येईल अशा जागी असावा, ही माझी जुनी इच्छा आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचली तर आनंद होईल.

बोलण्याचा आग्रह धरताना स्त्रियांचा विचार वेगळा करावा लागतो. मी या वयाची आणि पांढऱ्या केसांची असल्यामुळे कोणाशीही बोलू शकते. माझ्या पंचविशीतल्या भाचीला तशी मोकळीक नाही आणि तिने ती घ्यावी असे मीही तिला सांगणार नाही. टेकडीच्या मागच्या निर्मनुष्य वाटेवर एकटी मुलगी इयरफोन घालून झपाझप चालते, तेव्हा तिच्या इयरफोनमध्ये पुष्कळदा गाणे चालू नसते. पाठीमागची पावले ऐकू यावीत आणि पुढून येणाऱ्याने बोलू नये, या दोन्हींसाठी ती तसे करते. हे मला तिनेच सांगितले. तेव्हा पुरुषांनी एवढे तरी पाळावे की, एकट्या बाईशी बोलायचेच असेल तर चारचौघांत, पायऱ्यांवर, रसवाल्याच्या गाडीपाशी बोलावे. मागून गाठून तिच्या चालीने चालू लागू नये. आणि उत्तर एका शब्दात आले तर दुसरे वाक्य टाकू नये. पत्रलेखकांनी ज्या खांद्यावरच्या हाताबद्दल लिहिले आहे, त्याबाबतीत तर मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. हात कोणाच्याही खांद्याला लावू नये, मग तो पुरुषाचा खांदा का असेना.

मात्र ज्यांना खरोखर शांतता हवी असते त्यांच्यापेक्षा, आपल्याला शांतता हवी आहे असा समज करून घेतलेले अधिक असतात, असे मला वाटते. अमेरिकेत शिकागो शहरात रोज लोकलने आणि बसने जाणाऱ्या लोकांवर केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्याची हकीकत मी वाचली होती. काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले, काहींना गप्प बसायला सांगितले, आणि काहींना नेहमीसारखे जायला सांगितले. बोलणाऱ्यांचा प्रवास सर्वांत आनंदात गेला; पण तसा प्रवास कसा होईल याचा नुसता अंदाज ज्यांना विचारला होता, त्यांनी बरोबर उलटे सांगितले होते. लोकलमध्ये शेजाऱ्याच्या डब्यातली चकली खाणाऱ्या मुंबईकरांना यात नवल वाटायचे नाही. पुण्यात मात्र हा प्रयोग पर्वतीवर करून पाहण्यासारखा आहे, कारण आम्हा पुणेकरांना दुसऱ्याला शांतता हवी असेल याची खात्री जरा अधिकच असते.

बोलणे कसे संपवावे याची भीतीही पुष्कळांना असते. एकदा बोललो की रोज बोलावे लागेल, मग चहाला बोलवावे लागेल, मग मुंज-लग्नाची पत्रिका येईल. चालताना ही भीती बाळगण्याचे कारण नाही. वाट फुटली की "बरं, येते" म्हणावे आणि निघावे. निघताना "जाते" न म्हणता "येते" म्हणण्याची आपल्याकडे जी रीत आहे, तिने कोणालाही परत यायचे बंधन पडलेले मी पाहिलेले नाही. भाजणीच्या डब्याचे गृहस्थही "येतो हं" म्हणूनच उतरले होते.

जाता जाता बाकांविषयी. तळजईच्या वाटेवर आणि शहरातल्या बागांत अलीकडे पुष्कळ बाक आले आहेत आणि त्याबद्दल देणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु ते सगळे एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून ठेवलेले असतात, एसटीच्या प्रतीक्षालयात असतात तसे. दोन बाक काटकोनात ठेवले तर त्यांवर बसणाऱ्या दोन अनोळखी माणसांना एकमेकांचे मोजे दिसू शकतील. खर्च तोच आहे. बाकांच्या पाठीवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असे ठळक अक्षरांत आडनावासह लिहिलेले असते, त्याला माझी हरकत नाही, गेलेल्या माणसाला कोणी "कुठले?" असे विचारत नाही.

आपल्या स्तंभाचा नियम असा आहे की पत्राखाली लेखकाचे पूर्ण नाव आणि पत्ता असावा. दोन्ही मी सोबतच्या वेगळ्या कागदावर दिले आहेत आणि आपल्या दप्तरी ते अवश्य असावेत. छापताना मात्र ते गाळावेत, ही विनंती. ज्यांनी मूळ तक्रार केली त्या गृहस्थांना एवढेच कळवावे की, सकाळी साडेसहाच्या सुमारास पस्तिसाव्या पायरीशी, डाव्या हाताला, निळी पाण्याची बाटली घेऊन एक बाई टेकलेली असते. त्यांना बोलावेसे वाटले तर तांबट कुठे बसला आहे ते विचारावे. नाही विचारले आणि इयरफोन घालून पुढे गेले, तरी ती त्यांना थांबवणार नाही.

आपली,
एक वाचक, पर्वती पायथा, पुणे